बारा खणांचं दालन

चित्राच्या मधोमध काहीच नाही. दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या रांगा, वर फासळ्याफासळ्यांचं कमानी छत आणि खाली लांबच लांब मोकळी जमीन. माणूस नाही, बाक नाही, कुणाची सावलीही नाही. नजर आत शिरते, पहिल्या खांबापाशी जराशी रेंगाळते, मग दुसऱ्या, तिसऱ्या खांबाकडे जाते आणि पुढे खांब इतके जवळजवळ येतात की मोजणं सुटतं. उरते ती फक्त खोली. वेन्सेस्लाउस हॉलरनं लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं हे मुख्य दालन तांब्याच्या पत्र्यावर रेखाटलं आणि १६५८ साली विल्यम डगडेल यांनी लिहिलेल्या त्या कॅथेड्रलच्या इतिहासग्रंथात ते छापलं गेलं. पुढे आठच वर्षांनी लंडनच्या मोठ्या आगीत ती सगळी वास्तू गेली. आज उभं असलेलं घुमटाचं सेंट पॉल्स हे त्याच जागेवर क्रिस्टोफर रेननं बांधलेलं दुसरं.

हॉलरचं हे चित्र आता ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून भिंतीवर लावायला मिळतं. जुन्या चर्चांची कोरीव मुद्राचित्रं अशी धातूवर मोठी करून घेण्याची आवड हल्ली बरीच दिसते. शोभेची वस्तू म्हणून तिच्याकडे नाक मुरडून पाहणारे रसिक आहेत, पण मला ती भूमिका पटत नाही. रेघेवर उभं असलेलं चित्र मोठं केलं की पातळ होतं, असा एक समज आहे. हॉलरच्या बाबतीत तो खोटा ठरतो. मात्र धातूवर नेताना या चित्राचं नेमकं काय जपायचं हे कळलं पाहिजे, आणि ते कळायला आधी चित्र नीट वाचावं लागतं.

जुनं सेंट पॉल्स लांबच लांब होतं, पूर्व-पश्चिम सुमारे ५८५ फूट. १०८७ च्या आगीनंतर त्याची उभारणी सुरू झाली आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ ती चालली. त्यामुळे एकाच छताखाली दोन युगं नांदत होती. पश्चिमेकडचं दालन नॉर्मन धाटणीचं, जाड भिंतींचं आणि अर्धगोल कमानींचं. पूर्वेकडचा गायकवृंदाचा भाग नंतरचा, गॉथिक, टोकदार कमानींचा. पश्चिमेकडच्या दालनाला बारा खण. आपल्याकडे वाड्याचा आकार खणांत सांगतात, तसाच तो तिथेही सांगता येतो, कारण दोन खांबांमधल्या अंतरावरच सगळी रचना बेतलेली असते. हॉलरचं चित्र वाचायचं ते या खणांनीच.

पहिल्या खणाला त्यानं भरपूर जागा दिली आहे. त्यातली कमान पूर्ण दिसते, तिच्या कडेची दगडी पट्टी दिसते, आतल्या बाजूची जाडी दिसते. दुसऱ्या खणात कमान अरुंद होते, तिसऱ्यात आणखी. मिटत आलेल्या पेटीच्या भात्याच्या घड्या जशा एकमेकींजवळ सरकतात, तसे हे खण सरकत जातात. यथार्थदर्शनाचा हिशेब जाणणाऱ्या कुणालाही इतकं जमेल. हॉलरचं कसब पुढे आहे. बारावा खण केसाएवढ्या जागेत आला तरी तो खणच राहतो. खालची कमान, मधल्या मजल्याची कमान, वरची खिडकी हे तिन्ही मजले शेवटपर्यंत सुटे राहतात, त्यांचा चिखल होत नाही. एवढ्याशा जागेत पाच-सात रेघांवर त्यानं हे निभावलंय. रेघ कुठे थांबवायची हे ज्याला कळतं, त्यालाच ते जमतं.

आता एकच खांब घ्यावा, डावीकडचा सगळ्यांत पुढचा. तो साधा गोल खांब नाही. मधल्या जाड गाभ्याला चारी बाजूंनी बारीक उभे दंड जोडलेले आहेत आणि त्यातला एक दंड थेट छतापर्यंत चढत जाऊन तिथे फासळी होतो. हॉलरनं हे सगळं उभ्या रेघांनी सांगितलंय. दंडाच्या उजेडाच्या बाजूला एकही रेघ नाही. गोलाई सुरू होते तिथे एक, मग दोन जवळजवळ, मग दाट. सावली अगदीच गडद हवी तिथे आडवी रेघ उभीवरून जाते आणि जाळी तयार होते. भिंग लावून पाहिलं की या रेघा यंत्रासारख्या सरळ नाहीत हे लक्षात येतं. त्या किंचित थरथरतात, मध्येच जाड होतात, टोकाला बोथट थांबतात. ही थरथर हाताची थोडी आणि आम्लाची जास्त.

हॉलरचं तंत्र एचिंगचं, आणि त्याची रीत अशी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ, डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा, धुरावर धरून तो काळा करायचा आणि सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई थर खरवडते, तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लाच्या हवाली करायचा. उघड्या जागी आम्ल तांबं खातं आणि चर पडतो. जिथे रेघ फिकट हवी तिथला भाग आधी बाहेर काढून लाखेनं झाकायचा, बाकीचा पुन्हा आम्लात. जितका वेळ आम्लात, तितका चर खोल, तितकी शाई जास्त, तितकी रेघ काळी. आम्ल चराच्या तळाबरोबर त्याच्या कडाही थोड्या खातं, म्हणून एचिंगची रेघ नुसत्या कोरणीनं काढलेल्या रेघेपेक्षा मऊ दिसते. कोरणीची रेघ सुरू होताना टोकदार, मध्ये फुगीर आणि शेवटी पुन्हा टोकदार असते, तिच्यात तलवारीचा दिमाख असतो. हॉलरच्या रेघेत तो नाही. ती लेखणीसारखी चालते, आणि दगडाला तीच शोभते.

पुढचे खांब काळे आणि मागचे करडे, हा या चित्रातला सगळ्यांत सुंदर भाग आम्लाच्या वेळेवर तोललेला आहे. मागच्या खणांवर लवकर लाख चढली, पुढचे आम्लात थांबले. एका अर्थी या दालनाची खोली वेळेत मोजलेली आहे. हॉलरबद्दल एक आठवण कोरणीकार जॉर्ज व्हर्च्यूनं नोंदवून ठेवली आहे. हॉलर वाळूचं घड्याळ समोर ठेवून काम करायचा, तासाला चार पेनी मजुरीवर, आणि कुणी बोलायला आलं किंवा उठावं लागलं तर घड्याळ आडवं करून ठेवायचा, म्हणजे न केलेल्या कामाची वाळू गळू नये. माझ्या मते त्याच्या चित्रांचं सारं चारित्र्य या गोष्टीत आहे. कुठेही भपका नाही, कुठेही हातचलाखी नाही. पैसे घेतले तेवढ्या तासांचं काम पत्र्यावर दिसतं. चरित्रकार जॉन ऑब्रीनं लिहून ठेवलंय की हॉलरची दृष्टी फार अधू होती, जवळचंच दिसायचं, आणि त्याचं बारीक काम भिंगाशिवाय जोखता येत नाही. त्याची सुमारे २,७०० मुद्राचित्रं आज मोजली जातात. इतकं काम करूनही १६७७ साली लंडनमध्ये तो गेला तो गरिबीतच.

त्याचा जन्म १६०७ चा, प्रागचा. तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला तेव्हा तो मुलगा होता. विशीत त्यानं प्राग सोडलं, जर्मन शहरांतून काम करत फिरला, आणि १६३६ साली कोलोनला कलासंग्राहक अर्ल ऑफ अरुंडेलनं त्याला आपल्या पदरी घेऊन पुढे इंग्लंडला आणलं. तिथेही यादवी पेटली, मालक परदेशी गेला, हॉलर अँटवर्पला गेला आणि १६५२ मध्ये परत आला. शहरं, इमारती, माणसांचे पोशाख, जहाजं, शिंपले, हात घालायचे फरचे मफ अशा कशाकशाची चित्रं त्यानं केली. जे आहे ते उद्या असेलच असं नाही, हे ज्याला लहानपणीच कळलं त्याचा हा ध्यास मला समजतो.

डगडेलचं दुखणंही तेच होतं. यादवी येणार आणि ती चर्चांवर निघणार हे त्याला आधीच दिसलं होतं. १६४१ सालीच तो विल्यम सेजविक या चित्रकाराला बरोबर घेऊन सेंट पॉल्स, वेस्टमिन्स्टर आणि इतर ठिकाणच्या समाध्या, शिलालेख, ढालींवरची चिन्हं उतरवून घेत फिरला. पुढे झालंही तसंच. संसदेच्या सैन्यानं सेंट पॉल्सचं दालन घोडदळाचा तबेला म्हणून वापरलं. दुरुस्तीसाठी उभारलेल्या लाकडी परांच्या काढून नेल्या, त्यांचा आधार जाताच दक्षिणेकडच्या बाजूचं छत कोसळलं. त्याच्याही आधी, शांततेच्या काळात, हे दालन काही शांत नव्हतंच. पॉल्स वॉक म्हणून ते प्रसिद्ध होतं. शहरातले रिकामे लोक, वकील, नोकरीच्या शोधातले गडी, बातम्या विकणारे, उधारीवाले सगळे इथेच भेटायचे आणि ओझी वाहणारे हमाल जवळची वाट म्हणून दालनातूनच आरपार जायचे.

आता पुन्हा चित्राकडे पाहावं. यातलं काहीही त्यात नाही. घोडे नाहीत, गर्दी नाही, पडझड नाही. हॉलरनं काढलं ते दालन १६५८ साली कुणीही आत जाऊन पाहिलं असतं तसं नव्हतं. त्यानं खांब पुरे केले, छत सलग केलं, जमीन झाडून घेतली. वास्तुविशारदाच्या मनात असतं तसं निर्मळ दालन त्यानं उभं केलं. एवढ्यावरच थांबला असता तर त्याला सुंदर थाप म्हणावं लागलं असतं. पण त्यानं त्याच पत्र्यावर लॅटिनमध्ये आपलं निवेदन कोरून ठेवलं. त्याचा आशय असा की, ही वास्तू रोज पडायची वाट पाहते आहे. तिचं चित्र काढणारा आणि एके काळी तिच्यावर लुब्ध असलेला वेन्सेस्लाउस हॉलर अशा रीतीनं तिची आठवण जपून ठेवतो आहे.

चित्रकारानं आपल्या चित्रावर लिहिलेल्या मजकुरांत इतका सरळ मजकूर मी दुसरा पाहिलेला नाही. वर चित्र म्हणतं की दालन अभंग आहे, खाली अक्षरं म्हणतात की ते आज-उद्या पडेल. दोन्ही एकाच पत्र्यावर, एकाच सुईनं, एकाच आम्लात. रिकाम्या जमिनीचा अर्थ इथे लागतो. चित्रकारांना इमारतीची उंची दाखवायला माणसं लागतात. खुद्द हॉलरनंही इतर दृश्यांत ती पुष्कळदा घातली आहेत. इथे त्यानं ती टाळली, कारण माणसं आली की एक ठरावीक दिवस येतो, एक ठरावीक वेळ येते, आणि तो दिवस १६५८ मधलाच असणार. माणसं काढून घेतल्यावर दालनाला दिवस राहत नाही. बांधून झालं त्या दिवसापासून पडेल त्या दिवसापर्यंतचं सगळं एकदम समोर येतं.

अक्षरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ताम्रपटावर सगळं उलटं काढावं लागतं. डावं उजवीकडे, अक्षरं आरशातली. महाराष्ट्रात ही कारागिरी उशिरा पण फार अभिमानास्पद रीतीनं आली. नाना फडणवीसांच्या उत्तेजनानं पुण्यात एका तांबटानं गीतेचे पट कोरायला घेतले आणि ते काम पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं पुरं होऊन १८०५ मध्ये गीता तांब्यावरून छापली गेली. देवनागरीची एकेक वेलांटी उलटी कोरणाऱ्या त्या हातांना हॉलरच्या लॅटिन ओळींमागचे कष्ट सांगावे लागले नसते.

आता ॲल्युमिनियम. धातूवरच्या छपाईच्या रीती एकाहून अधिक आहेत, पण चांगली छपाई होते ती सब्लिमेशननं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, त्यावर पॉलिमरचा लेप. चित्र आधी खास शाईनं कागदावर उलटं छापतात, तो कागद पत्र्यावर पालथा घालून साधारण २०० अंश सेल्सिअसच्या हीट प्रेसमध्ये मिनिटभर दाबून धरतात. उष्णतेनं शाईतला रंग द्रव न होता थेट वायू होतो, लेपात शिरतो आणि थंड होताना तिथेच अडकतो. हॉलरच्या छापखान्यातही पत्रा होता, कागद होता, उलटं चित्र होतं, दाब होता. तिथे धातू देत होता आणि ओलसर कागद घेत होता. इथे कागद देतो आणि धातू घेतो. साडेतीनशेहून जास्त वर्षांनी रेघ जिथून निघाली त्या पदार्थाच्या घराण्यात परत आली, असं मला वाटतं आणि त्याचा आनंदही होतो.

पण या परतीत एक गोष्ट हरवते, ती मान्य करायला हवी. चरातली शाई दाबानं कागदावर येते तेव्हा ती कागदावर बसत नाही, उभी राहते. मूळ ठशावरून हलकेच बोट फिरवलं, म्हणजे ते फिरवू दिलं तर, काळ्या भागाचा उठाव जाणवतो. पत्र्याची कड कागदात रुतून चौफेर एक खोलगट चौकट उमटते, तीही हाताला लागते. सब्लिमेशनचा रंग लेपाच्या आत असतो, पृष्ठभाग सपाट. खांबाच्या सावलीतला शाईचा मखमली काळेपणा धातूवर येत नाही, थोडा कोरडा, थोडा निळसर काळा येतो. ज्यानं मूळ पाहिलंय त्याला ही उणीव लगेच दिसेल.

मिळतं ते काय? आकार. मूळ चित्र मोठ्या ग्रंथाच्या पानात मावणारं आहे, मांडीवर घेऊन वाचायचं. तेच तीन-साडेतीन फुटांचं केलं की भिंगाचं काम भिंत करते. टोरंटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयानं आपला हॉलरसंग्रह उत्तम प्रतीच्या स्कॅनमध्ये खुला ठेवला आहे. अशा स्कॅनवरून केलेल्या मोठ्या छपाईत बाराव्या खणातल्या त्या पाच-सात रेघा उघड्या डोळ्यांनी दिसतात. ऑब्री म्हणाला होता ते बारीक काम खोलीतल्या सगळ्यांना एकदम दिसतं, एकामागून एक भिंग हातोहात न देता. रेघेची थरथर मोठी होते आणि तरी चित्र मोडत नाही, उलट दगड जास्त दगडासारखा वाटतो. एरवी छायाचित्र मोठं केलं की त्यात ठिपके दिसू लागतात, इथे मात्र मोठं केल्यावर हात दिसू लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदाचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. काचेआड बुरशीचे तपकिरी डाग, कडेला कसर. धातूला तो त्रास नाही, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. थेट उन्हात मात्र लावू नये, रंग उडतो.

आता खरा प्रश्न पांढऱ्याचा. हॉलरच्या चित्रात उजेड नावाची वस्तू त्यानं काढलेलीच नाही. त्यानं अंधार काढला, आणि जिथे काढला नाही तिथला कागद उजेड झाला. उजव्या-डाव्या खिडक्यांतून येणारा, जमिनीवर पसरलेला, छताच्या फासळ्यांमध्ये अडकलेला सगळा प्रकाश म्हणजे कोरा कागद. आणि तो कागदही शुभ्र नव्हे. चिंध्यांपासून केलेला, किंचित पिवळसर, जरा खरबरीत. म्हणून त्या दालनातला उजेड ढगाळ सकाळचा वाटतो, दुपारचा नाही.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यात दोन मुख्य प्रकार येतात. एकात लेपाखाली पांढरा थर असतो. दुसऱ्यात तो नसतो, त्यामुळे चित्रात जे जे पांढरं ते ते चंदेरी धातू म्हणून चमकतं. दुकानदार बहुतेक वेळा चंदेरी छपाईच पुढे करतात, आणि निसर्गदृश्याला, पाण्याला, रात्रीच्या शहराला ती खरोखर खुलते. हॉलरच्या दालनाला ती मारक आहे. जमीन चमकू लागते, खिडक्या चमकू लागतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खोलीतला दिवा, समोरची खिडकी, बघणाऱ्याचा चेहरा त्यात हलू लागतो. ज्या दालनातून त्यानं माणसं मुद्दाम बाहेर ठेवली, त्यात आपणच फिरू लागतो. म्हणून पांढऱ्या थराचा आणि मॅट पोताचा पत्राच घ्यावा, आणि पांढऱ्यात कागदाचा तो पिवळसरपणा राहू द्यावा. स्कॅन स्वच्छ करण्याच्या नावाखाली पार्श्वभूमी पांढरीफटक केली जाते, तेव्हा ढगाळ सकाळची भर दुपार होते. उलट, जुनं दिसावं म्हणून तपकिरी रंग चढवणारेही आहेत. तो रंग छायाचित्रांच्या काळाचा, या चित्राशी त्याचा संबंध नाही. हॉलरची शाई काळीच होती.

स्कॅन कुठल्या ठशाचा आहे हेही पाहावं. ताम्रपट प्रत्येक ठशागणिक झिजतो, आणि आधी झिजतात ते उथळ चर, म्हणजे नेमके दूरचे फिके खण. उशिराच्या ठशात पुढचे खांब शाबूत असतात आणि दालनाचा शेवट मात्र विरलेला. हेन्री एलिस यांनी १८१८ साली डगडेलच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, तिच्यातली चित्रं तर हॉलरवरून दुसऱ्या हातांनी पुन्हा कोरलेली आहेत. काम नेटकं आहे, पण त्यात रेघ थरथरत नाही.

आणि कात्री. भिंतीवरच्या चौकटीत नीट बसावं म्हणून खालचा-वरचा मजकूर, शीर्षकाची पट्टी, देणगीदाराची ढाल हे सगळं कापून नुसतं दालन छापण्याची सर्रास पद्धत आहे. ती मला अजिबात मान्य नाही. त्या काळी असा ग्रंथ निघायचा तो देणगीदारांच्या जोरावर. एकेका चित्राचा खर्च एकेकानं उचलायचा आणि त्याची ढाल व नाव पत्र्यावर यायचं. राजा नाही, बिशप नाही, चर्चची मालमत्ता जप्त झालेली, अशा दिवसांत कुणीतरी या दालनासाठी पैसे मोजले, ही गोष्ट त्या ढालीमुळे कळते. आणि हॉलरचे शब्द कापले तर काय होतं हे वर आलंच आहे. अभंग दालन उरतं आणि ते मोडत असल्याची साक्ष जाते. हे चित्र साक्षीसकटच घरात आणायचं.

डगडेलच्या ग्रंथातली बाकीची चित्रंही धातूवर मिळतात. शिखरासकट दाखवलेलं बाहेरचं दृश्य सगळ्यांत लोकप्रिय. ४ जून १५६१ रोजी वीज पडून ते शिखर जळालं आणि पुन्हा कधी बांधलं गेलं नाही. हॉलरनं ते पाहिलेलंच नव्हतं, जुन्या चित्रांवरून काढलं. स्वतःच्या १६४७ च्या लंडनच्या लांबलचक दृश्यात त्यानं कॅथेड्रल बिनशिखराचंच दाखवलंय, म्हणून हे दुसरं चित्र मला जरा परकं वाटतं. पश्चिमेचं दर्शन वेगळ्याच कारणानं पाहण्यासारखं आहे. वास्तुविशारद इनिगो जोन्सनं १६३० च्या दशकात नॉर्मन चर्चच्या तोंडाला कॉरिंथियन खांबांचा भव्य रोमन मंडप लावला. हॉलरनं त्यावर कसलाही शेरा मारलेला नाही, तितक्याच इमानानं खांबन्‌खांब काढला आहे. तळघरातलं सेंट फेथ चर्च हे तर अंधाराचं चित्र. १६६६ च्या सप्टेंबरात आग जवळ आली तेव्हा आसपासच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपला सगळा माल सुरक्षित म्हणून इथेच आणून रचला. वरचं छत कोसळून आत शिरलं आणि पुस्तकं कित्येक दिवस जळत राहिली. आगीच्या जेमतेम आठवडाभर आधी, २७ ऑगस्टला, रेन आणि रोजनिशीकार जॉन एव्हलिन दुरुस्तीचा विचार करायला याच वास्तूत फिरून गेले होते.

हॉलरवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न मग येतोच. शिखर न पाहिलेलं, दालन दुरुस्त करून काढलेलं, काही समाध्या सेजविकच्या आधीच्या चित्रांवरून. ताडून पाहायला जागा थोड्या आहेत, पण आहेत. कवी आणि डीन जॉन डन याचा कफनातला उभा पुतळा निकोलस स्टोननं १६३१ साली केला. तो आगीतून वाचला आणि आजच्या कॅथेड्रलमध्ये उभा आहे, पायाखालच्या कलशावर होरपळल्याच्या खुणा आहेत. हॉलरचं त्याचं चित्र त्याच्याशेजारी धरलं तर डोक्यावरची कफनाची गाठ, चुण्या, मिटलेले डोळे सगळं जुळतं. कॅथेड्रलच्या दक्षिण अंगणात जुन्या अष्टकोनी सभागृहाचा पाया आज जमिनीवर आखलेला दिसतो. १३३२ मध्ये विल्यम रॅमझीनं सुरू केलेल्या त्या सभागृहाचं चित्र हॉलरनं काढलंय आणि त्याचे कोन पायाशी भांडत नाहीत. दालनाला मात्र असा साक्षीदार नाही. त्याच्या खांबांच्या उंचीबद्दल, फासळ्यांच्या वळणाबद्दल, दुसऱ्या मजल्याच्या कमानींबद्दल आज जे बोललं जातं त्याचा मुख्य आधार हाच एक पत्रा आहे. इतिहासकार त्याच्यावरून मापं काढतात, पुनर्रचना करणारे संगणकावर त्याच्यावरून खांब उभे करतात. डनच्या कफनाच्या चुण्यांत जो माणूस चुकला नाही, तो बाराव्या खणातही फारसा चुकला नसावा, असं धरूनच हे सगळे चालतात, आणि मीही तसंच धरून चालतो.